मोबाइल काढून घेतला, पुढे काय?

वाकडमध्ये कस्पटे वस्तीपासून भूमकर चौकापर्यंत कुठल्याही सोसायटीत पालकत्वावर व्याख्यान ठेवा, टाळ्या एका ठरलेल्या वाक्याला पडतात : मुलांच्या हातातला मोबाइल काढून घ्या. त्याच सोसायटीच्या लिफ्टमध्ये सहा वर्षांच्या मुलांसाठीच्या कोडिंग क्लासची जाहिरात चिकटवलेली असते, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांतल्या काहींनी त्या क्लासची फी भरलेली असते. यात कुणाला काही खटकत नाही. खटकायचं कारणही नाही, कारण दोन्ही गोष्टी एकाच समजुतीतून आल्या आहेत. शिकवतं ते यंत्र आणि बिघडवतं तेही यंत्रच; आईबापांनी फक्त चांगलं यंत्र विकत घ्यायचं आणि वाईट यंत्र कपाटात ठेवायचं. ही समजूत खोडून काढायला हवी. ती मुळात चुकीची आहे, तिच्यापायी पैसा वाया जातो, आणि ज्यांच्याकडे पैसा नाही त्या घरांना ती कायमचं बाद ठरवते.

मग शिकवतं ते यंत्र की माणूस, या प्रश्नाचं उत्तर शोधायला फार लांब जावं लागत नाही. १९५६ साली पुण्याच्या आकाशवाणी केंद्राने एक प्रयोग केला. युनेस्कोची मदत होती आणि मोजमापाचं काम मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होतं. मराठी मुलखातल्या पाच जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावं निवडली गेली. फेब्रुवारी ते एप्रिल असे दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, शेतकऱ्यांसाठी अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागे. गावातली पंधरा-वीस माणसं रेडिओभोवती बसून तो ऐकत, संपल्यावर त्यावर चर्चा करत, आणि त्यांच्या शंका पुण्याला कळवल्या जात. तुलनेसाठी अभ्यासकांनी आणखी काही गावं घेतली होती. काहींत रेडिओ होता पण असं मंडळ नव्हतं, काहींत दोन्ही नव्हतं. मंडळांच्या गावांत लोकांची माहिती ठळकपणे वाढलेली दिसली, नुसता रेडिओ असलेल्या गावांत फारच थोडी. जगदीशचंद्र माथुर आणि पॉल न्यूराथ यांनी लिहिलेला या प्रयोगाचा वृत्तान्त युनेस्कोने १९५९ साली छापला. रेडिओ असलेल्या सगळ्या गावांनी कार्यक्रम एकच ऐकला होता. ऐकून झाल्यावर माणसं एकमेकांशी बोलली की उठून आपापल्या घरी गेली, एवढाच काय तो फरक.

सत्तर वर्षं होत आली. पुण्याच्या केंद्रावरून जे सिद्ध झालं ते पुण्याच्याच वेशीवरच्या पालकांपर्यंत पोचलेलं नाही. 'कुठलं ॲप चांगलं?' असं ते विचारतात. ॲप चालू असताना मुलाशेजारी कोण बसणार, हे कुणी विचारत नाही.

माधव चव्हाण यांचं बहुतेक आयुष्य या दुसऱ्या प्रश्नाभोवती गेलं, म्हणून त्यांची वाटचाल इथे नीट पाहायला हवी. लाल निशाण पक्षाचे नेते यशवंत चव्हाण यांचे ते चिरंजीव. रसायनशास्त्रात अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठाची पीएच.डी., ह्यूस्टनला संशोधन, आणि मग १९८०च्या दशकात परत येऊन माटुंग्याच्या यूडीसीटी या रासायनिक तंत्रज्ञानाच्या संस्थेत अध्यापन. आजच्या वाकडमधल्या पालकाला अशा माणसाचा पुढचा रस्ता डोळे मिटून सांगता येईल : मोठी प्रयोगशाळा, पेटंट, परदेशी कंपनीत सल्लागार. चव्हाण मुंबईच्या झोपडपट्ट्यांत साक्षरतेच्या कामाला लागले. राष्ट्रीय साक्षरता मोहिमेच्या त्या काळात 'कोरो' या संस्थेच्या कामात ते होते, आणि 'अक्षरधारा' नावाचा साक्षरतेचा कार्यक्रम त्यांनी दूरदर्शनवर केला. पडद्यावर अक्षरं आणि वस्तीत माणसं, दोन्ही आघाड्या एकाच वेळी चालू होत्या. पुढे युनिसेफच्या पुढाकाराने मुंबईत 'प्रथम' ही संस्था सुरू झाली ती १९९४-९५च्या सुमारास, फरीदा लांबे यांच्यासोबत. बालवाड्या देवळात भरल्या, कुणाच्या घराच्या पुढच्या खोलीत भरल्या, शिकवायला वस्तीतल्याच मुली होत्या. स्वतंत्र इमारत येईपर्यंत थांबायचं नाही, हे तेव्हाच ठरलं होतं.

यावर एक आक्षेप नेहमी येतो : हे समाजकार्य झालं, यात संशोधन कुठे आहे? शिकल्यासवरल्या लोकांत हा आक्षेप फार आहे, म्हणून त्याला तपशिलात उत्तर देणं भाग आहे.

२००५ पासून प्रथमच्या पुढाकाराने 'असर' या नावाने जी पाहणी होते, तिची पद्धत बघा. स्थानिक कॉलेजातली किंवा डी.एड.ची पोरं गावात जातात आणि दारोदार फिरतात. शाळेत जात नाहीत, घरी जातात. ओट्यावर किंवा उंबऱ्यात बसून मुलापुढे एक कागद धरला जातो. त्यावर सुटी अक्षरं आहेत, सोपे शब्द आहेत, पहिलीच्या पातळीचा चार वाक्यांचा उतारा आहे आणि दुसरीच्या पातळीची एक छोटी गोष्ट आहे. मूल उताऱ्यापासून सुरुवात करतं. जमलं तर गोष्ट, नाही जमलं तर शब्द, तेही नाही तर अक्षरं. पाच-सात मिनिटांचं काम. आई दारात उभी राहून बघत असते, आजी पलीकडून ऐकत असते, शेजारची दोन पोरं वाकून कागदात डोकावतात. मुलगा पाचवीत आहे, दर वर्षी पास होत आलाय, वह्या भरलेल्या आहेत. आणि 'गावात एक विहीर आहे' अशा धाटणीच्या वाक्यावर तो अडतो. हे त्या आईला पहिल्यांदाच, स्वतःच्या दारात, स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. तिला लिहिता-वाचता येत नसलं तरी पोरगं अडखळतंय हे कानाला कळतं. कोट्यवधींच्या सरकारी आकडेवारीत जे झाकलं गेलं होतं ते एका कागदाने उघड केलं, आणि तेही घरात. हे संशोधन नसेल तर संशोधन म्हणतात तरी कशाला? मुंबई आणि बडोद्याच्या शाळांत प्रथमने मागे पडलेल्या मुलांसाठी 'बालसखी' नेमल्या, त्या कामाची काटेकोर चाचणी अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर केली आणि २००७ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे २०१९ साली या दोघांना मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते अशाच प्रकारच्या क्षेत्रीय प्रयोगांसाठी.

आता बंदीवाल्यांकडे वळू. त्यांचं अर्धं म्हणणं खरं आहे आणि ते मान्य करायलाच हवं. दोन वर्षांखालच्या बाळापुढे जेवण भरवताना मोबाइल धरू नका, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात तेव्हा त्यांच्यामागे पुरावा असतो. २००३ मध्ये सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात पॅट्रिशिया कूल यांनी केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली नऊ महिन्यांची बाळं. काहींशी मॅंडरिन बोलणारी व्यक्ती समोर बसून बारा वेळा खेळली, बोलली. काहींना तेच बोलणं, तितकाच वेळ, पडद्यावर दाखवलं. समोर माणूस होता त्या बाळांना मॅंडरिनचे वेगळे ध्वनी ओळखता यायला लागले. पडद्यासमोरच्या बाळांना काहीच आलं नाही.

पण या प्रयोगाचा अर्थ 'पडदा विषारी आहे' असा लावला जातो तिथे गाडी घसरते. बाळाला ध्वनी शिकवले ते माणसाच्या सहवासाने, हा त्याचा अर्थ. जरा मोठ्या मुलांवरचा १९८४चा एक अभ्यास याला जोडून वाचायला हवा. रॉबर्ट रायझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन-चार वर्षांच्या मुलांना 'सेसमी स्ट्रीट' दाखवलं. अर्ध्या मुलांसोबतचा मोठा माणूस मधूनमधून विचारत होता : हे कोणतं अक्षर, हा कितीचा आकडा? चुकलं तर सांगत होता. नंतर विचारलं तेव्हा या मुलांना अक्षरं आणि आकडे जास्त आले. कार्यक्रम तोच, वेळ तेवढाच. अमेरिकेत 'सेसमी'च्या घराण्यातूनच २००७ साली जोन गांझ कूनी सेंटर निघालं आणि कुटुंब एकत्र बसून पडद्याचा वापर कसं करतं, हा तिथल्या संशोधनाचा एक मोठा विषय झाला. लोरी ताकेउची यांच्यासारख्या संशोधकांनी त्यावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. बालरोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांतही दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी तासाभराची मर्यादा सांगताना मोठ्या माणसाने सोबत असावं, असं म्हटलेलं आहे. व्याख्यानांतून तासाभराची मर्यादा तेवढी सांगितली जाते आणि सोबतीचा भाग गळून पडतो. मर्यादा घालणं सोपं आहे, त्यासाठी पासवर्ड पुरतो. सोबत बसायला वेळ द्यावा लागतो.

बंदीने आणखी एक नुकसान होतं. २०२४च्या 'असर'मध्ये ग्रामीण भारतातल्या चौदा ते सोळा वयाच्या मुलांच्या जवळपास ९० टक्के घरांत स्मार्टफोन होता आणि ८० टक्क्यांहून अधिक मुलांना तो वापरता येत होता. वापरता येणाऱ्यांपैकी मागच्या आठवड्यात शिक्षणासाठी वापरला असं सांगणारी मुलं ५७ टक्के, समाजमाध्यमांसाठी वापरला असं सांगणारी ७६ टक्के. खेड्यात ही स्थिती असेल तर हिंजवडीच्या शेजारी ती काय असणार? यंत्र घरात आलेलं आहे. त्याच्याबद्दल घरात बोलणंच बंद ठेवायचं, याचा अर्थ मुलाला त्याच्याबरोबर एकटं सोडायचं.

दुसऱ्या बाजूला ॲपवाले आहेत. त्यांना उत्तर द्यायला एक आंतरराष्ट्रीय उदाहरण पुरेसं आहे, आणि त्याची एक शाखा आपल्या रायगडातही होती. 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या जगभर गाजलेल्या योजनेचा भारतातला सुरुवातीचा प्रयोग २००७ मध्ये कर्जत तालुक्यातल्या खैरात या धनगरवस्तीच्या एकशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत झाला. इवल्याशा शाळेत हिरवे-पांढरे लॅपटॉप आले तेव्हा कौतुक करायला बरेच जण गेले. पण मोठ्या प्रमाणावर ही योजना राबवली ती पेरू देशाने, आणि तिथे तीनशेहून अधिक ग्रामीण शाळांत तिची रीतसर तपासणी झाली. इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेच्या अभ्यासकांनी २०१२ साली निष्कर्ष दिला : मुलांकडे यंत्रं आली, वापर वाढला, गणितात आणि भाषेत फरक पडला नाही. भारतातली सर्वांत मोठी शिक्षण-ॲप कंपनी २०२२ मध्ये २२ अब्ज डॉलरची मानली जात होती. २०२४ मध्ये ती दिवाळखोरीच्या कारवाईत सापडली. मधल्या काळात हप्ते भरून टॅब घेतलेल्या घरांत त्या टॅबचं काय झालं, हे वाकडमधल्या पालकांना सांगायची गरज नाही. तो चार्जिंगला लावलेला सापडतो, नाहीतर धाकट्याच्या कार्टूनला लागतो.

प्रथमनेही टॅब वाटले. २०१५ नंतर महाराष्ट्र, राजस्थान, उत्तर प्रदेशातल्या गावांत ते गेले. तिथे टॅब एका मुलाचा नसे, मुलांच्या गटाचा असे. पाच-सहा जणांनी मिळून तो वापरायचा, भांडायचं, एकमेकांना समजावायचं, गावातल्या मोठ्यांनी लक्ष ठेवायचं. पुण्याच्या रेडिओ मंडळांची रचना आठवली तर हे ओळखीचं वाटेल. हप्त्यावर विकल्या जाणाऱ्या टॅबची रचना बरोबर याच्या उलट आहे : एक मूल, एक हेडफोन, बंद दार.

या वादातला सर्वांत कठोर आक्षेप मात्र ॲपवाल्यांचाही नाही, बंदीवाल्यांचाही नाही. तो असा : सोबत बसायचं हे शिकलेल्या आईबापांचं ठीक आहे, साइटवर पाट्या वाहणारी बाई, जिला स्वतःची सही येत नाही, ती पोराच्या शेजारी बसून काय शिकवणार? वाकडला हा आक्षेप रोज डोळ्यांपुढे असतो. टॉवरच्या विसाव्या मजल्यावर आयटीतलं कुटुंब आणि शेजारच्या अर्धवट टॉवरखाली पत्र्याच्या खोल्यांत बीड-जालन्याची, नांदेड-कलबुर्गीची, छत्तीसगड-बिहारची कुटुंबं. त्यांच्याकडेही स्मार्टफोन आहे, बहुतेकदा एकच, आणि तो बापाच्या खिशात.

२०२२ साली राज्य सरकारने प्रथमच्या साथीने 'पहिले पाऊल' नावाचं शाळापूर्व तयारीचं अभियान जिल्हा परिषद शाळांत सुरू केलं, तेव्हा नेमक्या याच बाईला मध्यभागी धरलं गेलं. शाळेच्या अंगणात मेळावा भरतो, सात टेबलं मांडलेली असतात. मूल एका टेबलावर रेषेवरून चालतं, दुसऱ्यावर चित्रावरून बोलतं, तिसऱ्यावर वस्तूंची वर्गवारी करतं, आणि प्रत्येक ठिकाणी त्याला काय जमलं याची खूण कार्डावर होते. शेवटच्या टेबलावर आईशी बोलतात. मग वाडीवस्तीतल्या पाच-सहा आयांचा गट होतो, त्यातली एक 'लीडर माता'. आठवड्याला एक आयडिया कार्ड येतं, छापील किंवा व्हॉट्सॲपवर. त्यावर चित्रं असतात, जवळजवळ सगळं चित्रांतूनच. भाजी निवडताना लहान बटाटे एकीकडे, मोठे एकीकडे. पोळ्या मोजायच्या, चार जणांत वाटायच्या. कपडे वाळत घालताना कुणाचे किती. बाजारातून येताना दिसलेल्या पाच गोष्टी घरी येऊन सांगायच्या. यात वाचता न येणाऱ्या बाईला न जमण्यासारखं एक तरी काम आहे का? मोजायला तिला येतं, ती रोज हिशेब करते. बोलायला येतं, गोष्ट सांगायला येतं. फोनने तिला फक्त आठवण दिली आणि गटाने धीर दिला.

त्याआधी, करोनाच्या काळात, हीच कल्पना ताणून पाहिली गेली. शाळा दीड वर्षाहून अधिक बंद होत्या. नागपूर आकाशवाणीवरून २०२० मध्ये 'शाळेबाहेरची शाळा' लागू लागली, कारण स्मार्टफोन नसलेल्या घरांतही रेडिओ पोचत होता. कार्यक्रमासोबत पालकांना लघुसंदेश जात आणि मुलांसोबत काय करायचं ते सांगत. त्याच वर्षी आफ्रिकेतल्या बोत्स्वाना देशात साडेचार हजारांवर कुटुंबांबरोबर एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. काही घरांना आठवड्याला गणिताचा लघुसंदेश. काहींना संदेशासोबत शिक्षकाचा वीसेक मिनिटांचा फोन, ज्यात पालक आणि मूल दोघंही स्पीकरवर. नुसत्या संदेशाने फारसं काही झालं नाही. फोनवरच्या माणसाने आणि शेजारी बसलेल्या पालकाने मिळून मुलांचं गणित सुधारलं. साधा, बटणांचा फोन.

पुरावा सगळीकडे इतका सरळ नाही, हेही सांगितलं पाहिजे. प्रथमच्या तेव्हाच्या प्रमुख रुक्मिणी बॅनर्जी, जेम्स बेरी आणि मार्क शॉटलँड यांनी बिहार आणि राजस्थानातल्या आयांवर केलेला अभ्यास २०१७ मध्ये आला. आयांना साक्षरतेचे वर्ग दिले, मुलांसोबत करायच्या कृती दिल्या, काही गावांत दोन्ही दिलं. मुलांच्या गणितात सुधारणा झाली, पण लहान. प्रथमच्याच प्रमुखांनी स्वतःच्या कामाबद्दल हे छापलं, यातून त्यांची सचोटी दिसते. आणि टीकाकार हाच अभ्यास हत्यार म्हणून वापरतात. पण त्यात पुढचंही आहे. आया स्वतः शिकल्या, आणि मुलाच्या अभ्यासात त्यांचा सहभाग वाढला. घरातून चमत्कार होईल असं कुणी म्हटलेलं नाही. शाळेची जागा घर घेऊ शकत नाही आणि घेऊही नये. महापालिकेच्या शाळेत शिक्षक पूर्ण असले पाहिजेत, ही मागणी कणभरही सैल होता कामा नये. मुद्दा एवढाच आहे की लाखोंचं यंत्र जिथे शून्य फरक पाडतं तिथे एका कार्डाने आणि आईच्या पंधरा मिनिटांनी थोडा तरी पडतो.

'आईच्या पंधरा मिनिटांनी' म्हटलं की एक रास्त संताप उसळतो, आणि तो उसळलाच पाहिजे. दिवसभर राबून आलेल्या बाईच्या डोक्यावर हे आणखी एक ओझं? या संतापाचं तोंड चुकीच्या दिशेला असतं, एवढीच तक्रार आहे. तो आयडिया कार्डावर काढण्यापेक्षा बिल्डरवर काढावा. १९९६च्या बांधकाम कामगार कायद्याने पन्नासहून अधिक स्त्रिया कामावर असलेल्या ठिकाणी सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोलीची तरतूद केली. वाकड-ताथवडे-पुनावळेच्या किती साइट्सवर ती खोली दिसते, हे रस्त्याने जाता-येता कुणालाही पाहता येतं. पुण्यात रजनी परांजपे यांच्या 'डोअर स्टेप स्कूल'ने ही मुलं शोधून वर्गात आणण्याचं काम १९९०च्या दशकापासून चालवलं आहे, बसमध्ये वर्ग भरवले आहेत. एका स्वयंसेवी संस्थेने किती साइट्सना पुरं पडावं? आणि 'माता गट' हे नाव पडलं म्हणून बापाची सुटका होत नाही. पोळ्या मोजायला बापाला जमतं. फोन त्याच्याच खिशात असतो, तेव्हा कार्ड पहिल्यांदा त्यालाच दिसायला हवं.

घरातल्या शिकण्याचं हे क्षेत्र कमी प्रतीचं का मानलं जातं, याचं उत्तरही इथेच आहे. त्याची प्रयोगशाळा स्वयंपाकघर आहे, आणि त्यातला निम्मा शिक्षक एक बाई आहे जिला पगार नाही, पदवी नाही. बोर्डी आणि कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी अंगणात बालवाडी भरवली, गुरं चारणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली, तेव्हा त्यांनीही घर आणि रान ही शिकण्याची जागा मानली होती. आज देशभर लाखो अंगणवाड्या त्या कल्पनेवर उभ्या आहेत आणि तरी अंगणवाडी सेविकेला मानधनासाठी रस्त्यावर बसावं लागतं. मूल घरात काय शिकतं हा विषय विद्वत्तेचा नाही, हे आपण आधीच ठरवून टाकलं आहे. मग एखाद्या रसायनशास्त्रज्ञाने त्यात उडी घेतली की त्याचं करिअर वाया गेलं असं वाटतं.

पिंपरीतल्या लोकांनी तरी असं म्हणू नये. टेल्कोच्या इथल्या कारखान्यात १९७०च्या दशकात कानपूर आयआयटीचा एक तरुण अभियंता ट्रक बनवत होता. १९७८ मध्ये त्याने रजा घेतली आणि होशंगाबादच्या खेड्यांत विज्ञान शिक्षणाच्या कामाला गेला. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि काडेपेटीतल्या काड्या यांतून त्याने त्रिकोण, चौकोन, घनाकृती जोडल्या. ट्यूबच्या तुकड्यात काडी घुसवली की सांधा तयार, आणि चौकोन दाबला की हलतो, त्रिकोण हलत नाही, हे मुलाच्या बोटांना कळतं. तो अभियंता म्हणजे अरविंद गुप्ता. पुढे पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी आणि सहकाऱ्यांनी या खेळण्यांचे शेकडो छोटे व्हिडिओ केले, अनेक भाषांत, फुकट. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या व्हिडिओंत यंत्र आहे, पडदा आहे, आणि तरी तो पडदा मुलाला धरून ठेवत नाही. दीड-दोन मिनिटांत संपतो आणि मुलाला काड्या शोधायला उठवतो. बंदीवाल्यांनी आणि ॲपवाल्यांनी मिळून हे व्हिडिओ एकदा बघावेत. आपल्या कारखान्यातून गेलेल्या माणसाने मुलांसाठी ट्रकपेक्षा कमी काही बनवलं, असं बघितल्यावर कुणाला म्हणवणार नाही.

मग वाकडमध्ये करायचं काय, असं विचारणाऱ्यांना मोठ्या योजनेची वाट बघायची गरज नाही. महापालिकेच्या शाळांची पालक सभा दुपारी कामाच्या वेळेत ठेवू नये, रविवारी किंवा संध्याकाळी सातनंतर ठेवावी, म्हणजे साइटवरची आई आणि शिफ्टमधला बाप येऊ शकेल. 'असर' ही ग्रामीण पाहणी आहे, वाकड तिच्यात येत नाही. तेव्हा तसा कागद घेऊन इथल्या पत्र्याच्या खोल्यांत आणि टॉवरमध्येही दारोदार जाण्याचं काम महापालिकेने इथल्या कॉलेजांकडे सोपवावं. कोण कुठल्या शाळेत जातो हे न विचारता, मुलाला वाचता येतं का एवढंच पाहावं. सोसायट्यांनी व्याख्यानाचा खर्च एक वर्ष बाजूला ठेवून क्लबहाउस शनिवारी दोन तास उघडावं, एक टीव्ही, पंधरा मुलं, पाच-सहा मोठी माणसं, आणि खाली काम करणाऱ्यांची मुलंही त्या पंधरांत हवीत. ती आत आली तर सिक्युरिटीने अडवू नये, याचा ठराव समितीने लेखी करावा. तोंडी सांगून ते होणार नाही.